कॅसिनोचा पैसा की व्यवसाय कर? लोकांच्या गरजांसाठी निधी कोठून यावा

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक वेगळाच कायदा रद्द केला. 'महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६' हे त्याचे नाव. सत्तेचाळीस वर्षे हा कायदा राज्याच्या कायदेपुस्तकात होता, परंतु तो अमलात आणणारी अधिसूचना कोणत्याही सरकारने काढली नाही. राज्यात कॅसिनो सुरू व्हावेत अशी मागणी पर्यटन व्यवसायातील काही मंडळी अधूनमधून या कायद्याच्या आधारे करीत असत. मुंबई उच्च न्यायालयातही याविषयी याचिका झाल्या. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो कायमचा मोडीत काढण्याचे ठरविले आणि विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या निर्णयाचे स्वागत अनेकांनी केले. आम्हीही करतो. तथापि, कायदा गेला म्हणून त्यामागचा विचार गेला असे नव्हे. सरकारला पैसा हवा आहे, लोक जुगार खेळणारच आहेत, मग त्यांच्याकडून कर घेऊन रस्ते, पाणी, शाळा व रुग्णालये का उभारू नयेत, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो व पुढेही विचारला जाईल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर तो सहज पटण्यासारखा आहे. चाकणच्या तळेगाव चौकातील वाहनांच्या रांगा, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेला दिवसाआड पाणीपुरवठा, पवना व इंद्रायणी या नद्यांतील सांडपाणी, ही कामे पैशावाचून होणार नाहीत हे सर्वांना दिसते. म्हणून या प्रश्नाला केवळ 'जुगार वाईट' एवढे उत्तर पुरेसे नाही. पैसा कोणी द्यावा आणि तो कोणत्या रीतीने गोळा करावा, याचा नीट विचार झाला पाहिजे.

एकाच दशकातील दोन कायदे

हा कॅसिनो कायदा ज्या काळात झाला, त्याच काळात महाराष्ट्राने आणखी एक कायदा केला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना आजही आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या भागांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी ख्रिस्ती घराण्यांची मुळे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात व मराठवाड्यात आहेत. खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे, मिलोची भाकरी आणि कोरड्या विहिरी यांच्या कथा त्या घरांत आजही सांगितल्या जातात. त्या दुष्काळात राज्यभर राबविली गेलेली रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची देशाला मोठी देणगी ठरली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. मागेल त्याला काम हा तिचा गाभा होता. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

या योजनेला पैसा कोठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. ज्यांना नियमित पगार किंवा व्यवसायाचे उत्पन्न आहे त्यांनी थोडा थोडा वाटा द्यावा, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी आणि त्यातून ग्रामीण मजुराला काम मिळावे, अशी ती रचना होती. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील, टेल्कोमधील किंवा आकुर्डीच्या बजाज ऑटोमधील कामगार आपल्या पगारातून हा कर देऊ लागला. त्याच्यापैकी कित्येकांचे आईवडील व भाऊबंद दुष्काळी गावातच होते. शहरातील पगारदाराने गावातील बेरोजगाराचा भार उचलावा, असा तो उघड व्यवहार होता.

आजही आपल्या पगारपत्रकात ही वजावट दिसते. महिन्याला दहा हजार रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुष कामगाराचे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. आपल्यापैकी फारच थोड्यांना या वजावटीमागचा इतिहास ठाऊक असतो.

व्यवसाय कराला एक वर्ष होते न होते तोच, १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कॅसिनो कायदा संमत झाला. पहिल्या कायद्याने काम करून कमावणाऱ्याकडे वाटा मागितला. दुसऱ्याने हरणाऱ्याच्या पैशातून वाटा घेण्याची सोय केली. पहिला अमलात आला व टिकला. दुसरा जन्मापासून कपाटात पडून राहिला. अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली, पण तो कागद बाहेर काढण्याचे धैर्य किंवा इच्छा कोणालाच झाली नाही.

कॅसिनोच्या बाजूने काय सांगितले जाते

विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, महाराष्ट्रातील माणसे गोव्यास जाऊन पैसा घालवितातच, मग तो कर गोव्याला का मिळावा? दुसरा असा की, बंदीमुळे जुगार थांबत नाही, तो केवळ लपून चालतो व त्याचा पैसा गुन्हेगारांच्या हाती जातो. तिसरा असा की, कॅसिनोमुळे हॉटेले, वाहतूक व पर्यटन वाढून तरुणांना नोकऱ्या मिळतात. चौथा असा की, राज्य स्वतःची लॉटरी चालविते, परवाना असलेल्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यास १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच सूट आहे, मग कॅसिनोनेच काय पाप केले?

यांपैकी एकही युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु प्रत्येकाची तपासणी करता येते.

पैसा कोणाच्या खिशातून जातो

प्रथम खेळाचे गणित पाहू. रूलेच्या युरोपीय चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात. समजा, ३७ माणसांनी एकेका घरावर शंभर रुपये लावले. एकूण ३,७०० रुपये जमले. चक्र फिरल्यावर एकच जण जिंकतो व त्याला स्वतःच्या शंभरासह ३,६०० रुपये मिळतात. उरलेले शंभर रुपये मालकाचे. यात फसवणूक नाही, चक्र सरळच आहे. पण तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले, तर ३७ फेऱ्यांनंतर त्या ३,७०० रुपयांपैकी खेळणाऱ्यांच्या हाती सरासरीने सुमारे १,३४० रुपयेच उरतात. कॅसिनो एका खेळाडूला हरवून चालत नाही. तो सर्वांना थोडे थोडे, पण सतत हरवून चालतो.

त्यावर कर येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतील चिपांच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे हजार रुपयांच्या चिपांमागे चारशे रुपये कर खेळ सुरू होण्याआधीच जातो. हा कर जबर आहे हे खरे. परंतु तो जितका अधिक मिळावा असे सरकारला वाटेल, तितके अधिक लोक अधिक वेळा खेळावेत असेही त्याला वाटू लागेल. ज्याने लोकांना व्यसनापासून वाचवावे, त्याचाच अर्थसंकल्प त्यांच्या व्यसनावर अवलंबून राहील. मद्यावरील उत्पादन शुल्काच्या बाबतीत हा पेच आपण पाहतच आहोत.

आता गोव्याकडे वळू. तेथे १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोंना वाट मोकळी झाली. मांडवी नदीतील कॅसिनो जहाजे हलविण्याची आश्वासने एकापाठोपाठ एक सरकारांनी दिली. महिला संघटना, नागरिकांचे गट व तेथील ख्रिस्तसभा यांनी सातत्याने विरोध नोंदविला. अखेर १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने राज्यातील रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी घातली. पर्यटकांना मात्र मोकळीक राहिली.

या बंदीचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. नेपाळमध्येही नेपाळी नागरिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. सिंगापूरमध्ये तेथील नागरिकांना प्रवेशासाठी मोठे शुल्क भरावे लागते, परदेशी पाहुण्यांना ते नाही. या सरकारांनी कॅसिनोचा महसूल हवासा मानला, आणि त्यांनीच आपल्या घरातल्या माणसांसाठी दार लावून घेतले किंवा ते अरुंद केले. कॅसिनोत काय घडते हे त्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या मुलाने हरलेला पैसा त्यांना चालतो, स्वतःच्या मुलाने हरलेला चालत नाही. आणि गोव्याच्या बाबतीत तो शेजाऱ्याचा मुलगा म्हणजे पुणे, पिंपरी किंवा चाकण येथून शनिवार-रविवारच्या सहलीला गेलेला आपलाच तरुण असतो. गोव्याला मिळणारा तो पैसा आपल्याला मिळावा म्हणून आपणही कॅसिनो काढले, तर हरणारा तोच राहील, केवळ प्रवासाचा खर्च वाचेल.

अटलांटिक सिटीचा धडा

महाराष्ट्रात कॅसिनो कायदा झाला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात कॅसिनोंना मान्यता दिली. उतरती कळा लागलेले ते शहर सावरावे आणि कराचा पैसा वृद्ध व अपंग यांच्या साह्यासाठी वापरावा, असा उद्देश होता. हेतू चांगला होता यात शंका नाही. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. कराचे पैसे खरोखरच आले, हजारो नोकऱ्याही मिळाल्या.

पण शेजारच्या राज्यांनीही तोच विचार केला. पेनसिल्व्हेनियात २००६ पासून जुगारगृहे सुरू झाली, इतरत्रही झाली. गिऱ्हाईक वाटले गेले. २०१४ या एका वर्षात अटलांटिक सिटीतील बारापैकी चार कॅसिनो बंद पडले व सुमारे आठ हजार लोकांचे काम गेले. २०१६ मध्ये शहराचा कारभारच राज्य सरकारला हाती घ्यावा लागला. ज्या शहराने आपल्या सार्वजनिक गरजा कॅसिनोवर सोपविल्या, त्याला स्वतःचा कारभारही चालविता आला नाही.

आपल्या पट्ट्याचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झालेले पिंपरी-चिंचवड कारखान्यांत येणाऱ्या मालावरील जकातीच्या बळावर श्रीमंत महापालिका म्हणून ओळखले गेले. पुढे २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. करपद्धती बदलत गेली, तिच्यातील दोषही आपण अनुभवले. तरी तो महसूल काहीतरी निर्माण करणाऱ्या हातांतून आला होता. कॅसिनो काहीही निर्माण करीत नाही. तो एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात घालतो आणि मधला वाटा ठेवून घेतो.

कायदेशीर केल्याने बेकायदा संपते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास परदेशी जावे लागत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडे लावण्यातून मटका फोफावला. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांना बेकायदा जुगारापासून दूर आणावे आणि लोककल्याणासाठी निधीही मिळावा, असा तिचा दुहेरी हेतू होता. लॉटरी चालली, पण मटका बंद झाला नाही. मटक्याच्या अड्ड्यांवर छापे पडल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. सरकारी मान्यतेने जुन्या जुगाऱ्यांची संख्या घटत नाही, उलट जो कधीच अड्ड्याची पायरी चढला नसता तोही खेळू लागतो.

त्यानंतर जुगार मोबाईलमध्ये आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये, क्रिकेटच्या विश्वचषकाच्या दिवसांत, पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने एका ॲपवरील खेळात दीड कोटी रुपये जिंकल्याची बातमी देशभर गाजली. काही दिवसांतच विभागीय चौकशी होऊन त्यांना निलंबित करण्यात आले. त्या व्यक्तीविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण त्या आठवड्यात आपल्या कारखान्यांच्या उपाहारगृहांत आणि कंपनीच्या बसमध्ये चर्चा झाली ती निलंबनाची कमी आणि दीड कोटींची अधिक. जिंकणाऱ्याची बातमी होते. हरणाऱ्याची बातमी त्याच्या घराबाहेर जात नाही. कंत्राटी कामगाराचा पगार खात्यात जमा होतो त्याच मोबाईलवर खेळाचे ॲप असते आणि उसने देणारे ॲपही असते. पूर्वी जुगाऱ्याला निदान अड्ड्यापर्यंत चालत जावे लागे. आता रात्रपाळीच्या विश्रांतीतही महिन्याचा किराणा जाऊ शकतो.

केंद्र सरकारने प्रथम या खेळांवर २८ टक्के कर लावून महसूल घेतला. मात्र दोन वर्षे पुरी होण्याआधीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी या खेळांत सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारनेच दिला होता. या कायद्यात शिक्षा खेळ चालविणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाही. त्याला बळी मानले आहे, हे योग्यच झाले. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि परदेशातून चालणारी ॲप छुप्या मार्गाने येतच राहतील. परंतु एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे: जुगारावर कर घेऊन पाहिलेल्या सरकारनेच, होणारी हानी त्या कराहून मोठी आहे, असे ठरविले.

ख्रिस्तसभा काय शिकविते

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण संयत आहे, हे अनेकांना माहीत नसते. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथानुसार नशिबाचे खेळ व पैजा या स्वतःहून न्यायाविरुद्ध नाहीत. मात्र माणसाच्या स्वतःच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजांसाठी लागणारा पैसा त्यांत जाऊ लागला की त्या नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतात. जुगाराची आवड माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली आणि सैनिकांनी क्रुसाखाली प्रभूच्या झग्यासाठीही चिठ्ठ्याच टाकल्या. कृती एकच होती. पण दुसऱ्या प्रसंगी, ज्याचे सर्वस्व हिरावले जात होते त्याच्याकडे पाहण्यास कोणी तयार नव्हते.

यावर कोणी विचारील की, आपल्या धर्मग्रामाच्या सणाला हाउजी खेळतात आणि शाळेच्या इमारतीसाठी सोडतीची तिकिटे विकतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. वीस रुपयांचे तिकीट घेणाऱ्याला आपले वीस रुपये गेले तरी चालणार असतात, पैसा कशासाठी जातो हे त्याला दिसते आणि खेळ त्या संध्याकाळपुरता असतो. कॅसिनो आणि ॲप यांचा सारा भर माणूस थांबू नये यावर असतो. फरक येथे आहे. पण हा फरक आपोआप टिकत नाही. तिकिटाची रक्कम वाढत गेली, बक्षीस हेच आकर्षण झाले, किंवा लहान मुलांच्या हाती तिकिटे विकण्याचे काम दिले गेले, तर आपणही त्याच वाटेवर आहोत हे धर्मग्राम समित्यांनी ध्यानात ठेवावे.

आपले कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनास आजार मानते. म्हणून घरातील कोणी पगार झाल्याबरोबर उसने मागू लागला, मोबाईल लपवू लागला, दागिने किंवा भिशीचे पैसे कोठे गेले हे सांगेनासा झाला, तर त्याला दूषणे देण्याआधी त्याच्याजवळ बसावे. त्याचे कर्ज गुपचूप फेडून टाकणे ही मदत नव्हे. त्याने बहुधा पुढची पैज लागते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. आपले धर्मगुरू आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद यांनी या विषयावर कुटुंबांशी उघडपणे बोलावे, ही आमची विनंती आहे.

त्याचबरोबर नागरिक म्हणूनही आपले काम आहे. रस्त्यासाठी व पाण्यासाठी पैसा नाही असे कोणी सांगितले, तर आधी भरलेल्या कराचा हिशेब मागावा. व्यवसाय कराचे वर्षाचे अडीच हजार रुपये आपण देतो, मालमत्ता कर देतो, प्रत्येक खरेदीवर कर देतो. तो कोठे खर्च झाला हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. नगरसेवकाकडे आणि ग्रामसभेत तो आपण वापरला पाहिजे. कर वाढविणे खरोखरच आवश्यक असेल, तर ते उघडपणे सांगावे आणि ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावा. १९७५ मध्ये पिंपरीच्या कामगाराने दुष्काळी गावासाठी आपला वाटा दिला, तो त्याला कोणी मोठ्या बक्षिसाची आशा दाखविली म्हणून नव्हे. आजच्या गरजांसाठी पुन्हा तसाच वाटा मागण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवावे, आणि तो देण्याची तयारी आपण ठेवावी.